चौतीस हात

सव्वा वाजला तरी भंवरीबाईंची माळ थांबली नव्हती. ताट वाढून झाकून ठेवलं होतं. सुरेशचंद दुकानातून जेवायला घरी आला, आईचं झाकलेलं ताट पाहिलं आणि चप्पल काढायच्या आधीच त्याचं डोकं फिरलं.

"अजून किती?" त्याने बायकोला विचारलं.

"दोन माळा," कंचन म्हणाली. "आज तुम्ही जास्त पोहलात ना."

जळगावात कापडाचं दुकान चालवणाऱ्या सुरेशचंदने छत्तिसाव्या वर्षी लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं मनावर घेतलं होतं. तीन किलोमीटर पोहायचं, तसंच उठून शंभर किलोमीटर सायकल चालवायची, ती टाकून वीस किलोमीटर धावायचं. सायकलवर तो रविवारी पारोळ्याला जाऊन जेवणाच्या आत परत येई. धावण्यातही कमी नव्हता. घोडं अडत होतं ते पाण्यात. तलावाची एक फेरी पंचवीस मीटरची. तेवढ्यात त्याचे चौतीस हात पडत आणि पाणी असं उडे की काठावर बसलेले लोक उठून मागे सरकत. शिकवणारे तोतारामनाना तापीकाठचे कोळी. आठ महिने ते रोज तेच ओरडत होते, "शेठ, पानी काय तुमना वैरी शे का? मारू नका त्याले!"

सुरेशचंदला ते पटायचं. पण पाण्यात उतरला की बुडण्याच्या भीतीने हात आपोआप चालायचे.

घरी आणखी वेगळाच ताप. त्याची आई भंवरीबाई जैन धर्माच्या पक्क्या. पाण्याचा थेंब न् थेंब त्यांच्या लेखी जिवंत. घरात पाणी गाळून, उकळून प्यायचं, दिवस मावळल्यावर तेही नाही. मुलाला त्यांनी पोहू नको असं एकदाही म्हटलं नाही. तो सकाळी परत आला की एवढंच विचारायच्या, "आज किती हात मारलेस?" जितके हात तितके नवकार मंत्र, दुखावलेल्या त्या जिवांच्या क्षमेसाठी. ते पुरे होईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. चाळीस फेऱ्यांच्या साडेबारा माळा होत. सत्तरीची बाई सकाळी आठला बसायची ती दुपारी उठायची.

एकदा तो खोटं बोलला. "पाचशे," म्हणाला. त्यांनी विश्वास ठेवला आणि दहा वाजता जेवून घेतलं. सुरेशचंदला दिवसभर त्यांच्याकडे बघवेना. दुसऱ्या दिवशी खरा आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी राहिलेले आदल्या दिवसाचेही केले.

आज मात्र त्याचा तोल गेला.

"बाई, पुरे करा!" आईला घरात सगळे बाईच म्हणत. "मी स्पर्धेची तयारी करतोय का तुमचा जीव घेतोय? उद्यापासून पोहणं बंद. झालं समाधान?"

भंवरीबाईंनी मण्यावर बोट धरून ठेवलं. "बंद कर कोण म्हणालं? कमी हात मार."

"कमी हातांनी माणूस बुडतो, बाई!"

"मग तुझ्या त्या नानांना विचार. मला पोहता येतं का?" आणि त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले.

दुसऱ्या दिवशी सुरेशचंद रागातच पाण्यात उतरला. बघूच, किती कमी होतात ते. एक हात पुढे टाकला आणि दात-ओठ खाऊन तसाच लांब धरून ठेवला. अंग सरकत राहिलं. सरकणं थांबायला आलं, तेव्हाच दुसरा हात टाकला. नाकातोंडात पाणी गेलं, दोनदा थांबून खोकला. पण फेरी एकतीस हातांत झाली. तीन हात म्हणजे तीन नवकार. चाळीस फेऱ्यांचे एकशेवीस. म्हणजे आई वीस-पंचवीस मिनिटं आधी जेवणार.

मग त्याला चटकच लागली. एकतीसचे सत्तावीस झाले, सत्तावीसचे तेवीस. दीड महिन्याने तो वीस हातांत पलीकडे पोचला, आणि पाणी जरासुद्धा उडालं नाही. तोतारामनाना बाकावरून उठून काठाशी आले.

"शेठ, कोनी शिकाडं तुमले?"

"आमच्या बाईंनी."

"त्यासले पवता येस?"

"नदीत पाऊलसुद्धा ठेवलं नाही त्यांनी."



स्पर्धा डिसेंबरात होती, पुण्याकडच्या एका धरणावर. निघायच्या चार दिवस आधीच सुरेशचंदने हिशेब करून आईला सांगितलं, "बाई, त्या दिवशी चोवीसशे हात. सव्वाबावीस माळा. एकदम बसू नका, आजपासून थोड्या थोड्या करा." त्यांनी मान हलवली.

धरणाच्या गार पाण्यातून तो सव्वा तासात बाहेर आला. सायकल झाली. धावताना शेवटी पोटऱ्या आखडल्या, तरी अडीचच्या सुमाराला त्याने रेषा ओलांडली. धरणावर फोन नव्हता. पाय ताळ्यावर यायला तास गेला, गावात पोचायला एक तास, आणि एसटीडी बूथवर जळगावची लाइन लागता लागेना. लागली तेव्हा बाहेर दिवे लागले होते.

फोन कंचनने घेतला. ती रडवेली झाली होती. "बाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. माळ घेऊन बसल्यात. आता दिवसही मावळला, म्हणजे उद्या सकाळपर्यंत काही नाही."

सुरेशचंदच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, तरी तो ओरडला, "दे त्यांना फोन!" आणि आईचा आवाज येताच सुटला, "बाई, मोजून सांगितलं होतं ना मी? सव्वाबावीस! एक हात जास्त मारला नाही. मग अजून कसल्या माळा ओढताय?"

"त्या परवाच झाल्या," भंवरीबाई म्हणाल्या. त्यांचा घसा कोरडा पडला होता. "आजची माळ तू पाण्याबाहेर निघाल्याचं कळेपर्यंतची होती. ते आत्ता कळलं."