तांदळातलं नाव

शेवगावहून केडगावला येताना नवरानवरीच्या गाडीत विज्ञानपटांवरून खडाजंगी चालली होती. चंद्रावर शेती पिकवणाऱ्या बाईचा सिनेमा रेवतीचा लाडका. हर्षलने मात्र तो ज्या कादंबरीवर बेतलाय ती वाचली होती, त्यामुळे त्याचा पारा चढलेला.

"कादंबरीत काय झकास नाव होतं त्या बाईचं! ह्यांनी खुशाल बदलून टाकलं. दुसऱ्याने ठेवलेलं नाव पुसायचा हक्क ह्यांना दिला कुणी? मूळ लेखकाला एका शब्दानं तरी विचारायचं!"

केडगाव येईपर्यंत तो तणतणत होता, आणि रेवतीला तो जास्तच आवडायला लागला होता.

घरी माप ओलांडून झालं. सासूबाईंनी तांदळाचं ताट पुढं ठेवलं. हर्षलने हौसेनं अंगठीच्या टोकानं बायकोचं नवं नाव लिहिलं : हर्षाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

रेवतीने तळहातानं तांदूळ सपाट केले. त्याच्या हातातली अंगठी घेऊन ठसठशीत 'रेवती' लिहिलं.

"आगं, ह्ये काय करतीस?" सासूबाई कावऱ्याबावऱ्या झाल्या.

रेवती हर्षलकडं बघत म्हणाली,



"बारशाला हे नाव माझ्या आत्यानं ठेवलंय. मूळ लेखिकेला एका शब्दानं तरी विचारलंत का?"