तापलेली बॅटरी

चंद्रपुरात पारा एक्कावन्नावर होता. हेमराजने रोजच्यासारखी शेकायची पिशवी उकळत्या पाण्याने भरली आणि गॅलरीतल्या, शेजाऱ्यांच्या बॅटऱ्यांशी जोडलेल्या आपल्या बॅटरीच्या तापमापकाला टेकवली. मिनिटभरात भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'बॅटरी तापली आहे. तिला विश्रांती दिली आहे. वीज शेजारच्या बॅटऱ्यांमधून येईल.' त्याचा एसी गार हवा देत राहिला आणि त्याची बॅटरी भरलेलीच राहिली.

बेल वाजली. दारात शेजारच्या कुमुदकाकू उभ्या होत्या, घामाने चिंब.

"तुझी बॅटरी रोज दुपारी तापते, आमच्या पडद्यावर दिसतं ना. म्हणून चार दिवस झाले, मी कूलर लावतच नाही. तेवढीच वीज तुला."

"काकू, तुम्ही कशाला..."

"मी पडते ओलं फडकं घेऊन. फक्त फरशीवर झोपून कंबर धरलीय. शेकायची पिशवी असली तर दे थोडा वेळ."

त्याने गॅलरीतून पिशवी आणून दिली.

"अगबाई, गरमच आहे की," काकू म्हणाल्या. तेवढ्यात पडद्यावरची अक्षरं बदलली: 'बॅटरी पूर्ववत झाली आहे.'

"बघ, उतरला तिचा ताप," पिशवी कमरेला लावत काकू समाधानाने हसल्या. हेमराजची मान काही वर होईना.