धैर्यपदक (नागरी)

डबी उघडली आणि संपादकबाईंनी कपाळाला हात लावला. आत पुन्हा तलवारच होती.

या एका नोंदीपायी त्या रडकुंडीला आल्या होत्या. विश्वकोशाच्या ‘ध’च्या खंडात धैर्यपदकं दोन. एक सैनिकी, एक नागरी. नाव तेच, आकार तोच, फीतही तीच. फरक एवढाच, की सैनिकी पदकावर तलवार आणि नागरी पदकावर कंदील. छपाईआधी तपासायला आलेल्या पहिल्या मुद्रितात दोन्ही नोंदी एकमेकींत कालवल्या गेल्या. त्या निस्तरल्या, तर पुढच्या मुद्रितात एकीखाली ‘दुसरी पाहा’ आणि दुसरीखाली ‘पहिली पाहा’ एवढंच उरलं. आणि नागरी पदकाचं चित्र मागावं, तर जो तो तलवार पाठवत होता.

समोर बसलेल्या काकू टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेल्या. पूर आला तेव्हा पाणी कमरेला लागेपर्यंत त्या एक्स्चेंजमधून हलल्या नव्हत्या. नदीकाठच्या गावांना फोन लावून लोकांना उठवत राहिल्या होत्या. त्याबद्दल मिळालेलं पदक घेऊन या, असा त्यांना निरोप गेला होता.

“काकू, हे सैन्याचं आहे.”

“माहितीये मला.”

“मग तुमचं कुठंय?”

“दुसऱ्या एका बाईंकडे.”

टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, सैन्याकडून नोंदी तपासायला आलेल्या मेजरांची पेन्सिल थांबली. त्यांनी डबी ओढून घेतली, पदक उलटून मागचा क्रमांक पाहिला.

“हे एका जवानाचं पदक आहे. तुमच्याकडे कसं आलं?”

“चोरलेलं नाही हो,” काकू वैतागून म्हणाल्या. “समारंभात माझ्या आधी त्या बाईंचं नाव पुकारलं. मुलगा लढाईत मारला गेलेला, म्हणून पदक घ्यायला त्या आलेल्या. डब्या दोन्ही सारख्याच. देणाऱ्यानं माझी त्यांना दिली, त्यांची मला. घरी येऊन उघडते, तर तलवार.”

“आणि तुम्ही ते बदलून घेतलं नाहीत?” संपादकबाईंचा आवाज चढला.

“गेले की बदलायला. पत्ता काढून, दोन गाड्या बदलून गेले. दोन्ही पदकं त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवली. त्यांनी दोन्ही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, ही तलवार तुम्ही घेऊन जा. मला कंदील राहू दे.”



“नियमानं पदकांची अशी अदलाबदल करता येत नाही,” मेजर म्हणाले. पण ते काकूंकडे बघत नव्हते, डबीकडे बघत होते.

“बरं. मग जाऊन सांगा त्यांना तसं.”

संपादकबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. “म्हणजे नागरी पदकाचा फोटो हवा असेल तर जवानाच्या घरी जायचं,” त्या स्वतःशीच पुटपुटल्या. “आणि सैनिकी पदकाचा हवा असेल तर टेलिफोनवाल्या काकूंच्या. आता खाली ओळ काय लिहू मी? कुणाच्या सौजन्यानं म्हणू?”



मेजरांनी फीत सरळ केली, डबी मिटली आणि उठून काकूंच्या हातात दिली.

“पत्ता द्या त्यांचा. फोटो मी काढून आणतो.”

काकूंनी पर्समधून पेन काढलं आणि टेबलावरच्याच एका रद्द मुद्रिताच्या मागे पत्ता लिहिला. मेजरांनी हात पुढे केला, तरी त्यांनी कागद लगेच सोडला नाही.

“वर्दीत नको, साध्या कपड्यांत जा,” त्या म्हणाल्या. “आणि त्यांनी दार उघडलं की आधी सांगून टाका, फोटो काढायला आलोय, पदक न्यायला नाही म्हणून.”