शेजारची खिडकी

होळी चांगली पेटली होती, वारा थेट प्रद्योतबाबूंच्या घराकडे वाहत होता आणि त्यांची खिडकी उघडी होती.

दिगंबर पाण्याने भरलेली बादली घेऊन कुंपणाशी उभे होते. गेल्या वर्षी होळीच्या धुराने प्रद्योतबाबूंचा दमा उसळला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. म्हणून कोलकात्यातल्या बालीगंजच्या त्या इमारतीतल्या मराठी कुटुंबांनी यंदा स्वतःच ठरवले होते: ती खिडकी बंद झाली की होळीवर पाणी ओतायचे आणि पुन्हा या आवारात होळी पेटवायची नाही. दिगंबर सरकारी प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होते. बादली त्यांच्याकडे एकमताने सोपवण्यात आली होती.

“दिगंबरबाबू,” प्रद्योतबाबूंनी खिडकीतून हिंदीत हाक मारली, “ज्वाळा दिसतेय, वास येत नाही. आग खरी आहे ना?”

“धूर आला तर लगेच खिडकी लावून घ्या. आम्ही बघतोय.”

“मागच्या वर्षीही लावली होती. धुराला कुणी सांगितलं नव्हतं.”

“बादली ठेवा हो खाली,” दिगंबरांची पत्नी कालिंदी म्हणाली. “सण आहे. एखादी बोंब मारा.”

“पुरावा नसताना मी बोंब मारत नाही.”

धूर अजिबात नव्हता असे नाही. ज्वाळेच्या टोकाशी एक करडी रेघ होती, पण कुंपणापर्यंत पोचण्याआधीच ती विरत होती. वाऱ्याची कृपा म्हणावी, तर वारा त्या खिडकीकडेच वाहत होता. रचलेला ढीग गेल्या वर्षीपेक्षा ठेंगणा होता, हे खरे. पण तेवढ्याने उत्तर मिळत नव्हते. ओल्या लाकडातले पाणी निघून जाईपर्यंत लाकूड धुमसत राहते, आणि वखारीतून येणारे लाकूड ओलेच असते.

यंदा होळीचे काम देवयानीने दिवाळीतच मागून घेतले होते. वरच्या मजल्यावर एकटी राहणारी, आयटीत नोकरी करणारी मुलगी. तेव्हा दिगंबरांनी भुवया उंचावल्या होत्या.

“लाकूड कुठलं गं, देवयानी?”

“नेहमीच्याच वखारीतलं, काका. आणलं तेव्हा चांगलं ओलं होतं.” तिची नजर ठिणग्यांवरून हलली नाही. “नारळ वरच राहिलाय. आणता का? दार उघडंच आहे. बादली मी धरते.”

दिगंबर वर गेले. इमारतीत दिवसभर ऊन मिळणारी बाल्कनी ती एकच. तिथे विटांच्या रांगा मांडलेल्या होत्या, मधून हवा खेळेल इतके अंतर ठेवून. विटांवर वाळलेल्या सालींचा चुरा पडला होता. आत, पलंगाच्या वरून, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी ताणलेली होती. तिच्यावर चादरी, ओढण्या आणि टॉवेल वाळत होते. कपाटाची मूठ भाराने वाकली होती.

नारळ हातात घेऊन ते बाल्कनीत काही वेळ थांबले. खाली प्रद्योतबाबू खिडकीत कोपर टेकून कालिंदीने दिलेली पुरणपोळी खात होते.

कारण स्पष्ट होते. लाकूड दिवाळीनंतर लगेच आणलेले होते. हिवाळाभर ते बाल्कनीतल्या उन्हात वाळले, आणि देवयानीचे कपडे खोलीत.