बारवेचं तीर्थ

“मावशी, पूजेला बारवेचं पाणी नको हं. मी बाटली आणलीये,” असं म्हणत अपूर्वानं सीलबंद बाटली मुक्ताबाईच्या हातात कोंबली.

मुक्ताबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारवेची पूजा, अन् पाणी दुकानातलं! वारसा सप्ताहाचं हे तिसरं वर्ष. दरवर्षी अपूर्वाच्या संस्थेची ही शहरातली पोरं धायरीला यायची, दगडी पायऱ्या घासायची, पणत्या लावायची, फोटो काढायची. पायऱ्या अगदी लख्ख झाल्या होत्या. खाली पाण्याजवळ मात्र नाक धरल्याशिवाय उभं राहवत नव्हतं. वरच्या सोसायटीचा मैला भिंतीतून झिरपत थेट बारवेत उतरत होता. खालच्या आळीत नळ दोन-दोन दिवस यायचा नाही. मग धुणीभांडी याच पाण्यात. मुक्ताबाईच्या नातीला वर्षात दोनदा कावीळ झाली होती.

मुक्ताबाईनं पालिकेत तीन अर्ज दिले. तिन्हींना उत्तर एकच: पाणी तपासले, पिण्यायोग्य आढळले. खाली पाणी खात्याच्या साहेबांची झोकदार सही. हात टेकले बाई या लोकांपुढं! आणि आज तेच साहेब प्रमुख पाहुणे.

“आणि प्लीज, आज तो अर्जाचा विषय काढू नका,” अपूर्वा म्हणाली. “इव्हेंट हेरिटेजचा आहे.”

“न्हाई काढत, माझे आई.” मुक्ताबाई तांब्या आणि बाटली घेऊन तरातरा पायऱ्या उतरली.

ती वर आली तेव्हा साहेब माइकवरून पूर्वजांच्या पाणी राखण्यावर बोलत होते. पुष्कळ बोलले. मग एकदाचा नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं. गावची रीत अशी, की पहिलं तीर्थ पाहुण्यानं प्यायचं, मग बाकीच्यांनी. मुक्ताबाईनं तांब्या पुढं केला.

“घ्या साहेब, तीर्थ. आत्ता खालनं भरून आनलंय.”

साहेबांनी हात मागं घेतला. “असू द्या. नंतर घेतो.”

“आसं कसं? रीत हाय. आन् पिन्याजोगं हाय म्हनून तुमचीच तर सही हाय.”

लोक हसले. पेपरवाल्यांनी मोबाइल वर धरले. मुक्ताबाई आणखी एक पाऊल पुढं सरकली. तांब्या हनुवटीला टेकला तसे साहेब ओरडलेच, “अहो बाई, गटाराचं पाणी आहे ते! माणूस मरेल!”

माइक त्यांच्या हातातच होता. सोसायटीच्या गच्चीपर्यंत ऐकू गेलं.

मुक्ताबाईनं तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग पदरानं तोंड पुसलं, ओच्यातून अपूर्वाची रिकामी बाटली काढली आणि पूजेच्या ताटात उभी केली.

“ह्ये बाटलीतलं हुतं, साहेब. बारवेत काय हाय, त्ये तुमीच सांगितलंत.”