नरसय्यांचे हात

सोलापूरच्या जुन्या सूतगिरणीत आता कलाकेंद्र उभं राहिलं होतं. उद्घाटनाआधी शकुंतला येमूल तिथल्या हातमागावर बसली आणि तिने हातमोजे चढवले. त्यांत तिच्या वडिलांचे, नरसय्यांचे हात साठवलेले होते. वडील वारण्याआधी त्यांची विणतानाची प्रत्येक हालचाल टिपून घेतली होती. मोजे घालणाऱ्याचे हात अगदी तसेच चालत.

शकुंतलाचे हात आपोआप विणू लागले, आणि थरथरूही लागले.

"आजारपणातला कंप आहे हा," केंद्राचे संचालक केदार म्हणाले. "काढून टाकतो. लोकांना स्वच्छ विणकाम अनुभवता येईल."

शकुंतला आपले हात निरखत होती. कंप वाढला की तिचा डावा हात मागाच्या लाकडावर घट्ट टेकायचा, जरा थांबायचा, आणि मगच उजवा हात आडव्या धाग्याचा धोटा सोडायचा. वडिलांनी ही धडपड घरात कुणालाच कळू दिली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

"कापडाचा काठ बघा, साहेब. कुठे वाकडा आलाय?"

केदारांनी काठावरून बोट फिरवलं. तो सरळ होता.

"मग कंप राहू द्या," ती म्हणाली. "बाबांकडून मला हेच शिकायचं राहिलं होतं."

आणि ती पुढे विणू लागली.