अकरा आणि एकावन्न

“या एका फोनवरून कारखान्यात फोन लागता कामा नये,” मालक म्हणाले. “बाकी सगळ्यांचे जोडा.”

फोनवाल्या बाईंनी वहीत टिपून घेतलं: मालकांच्या अकरा नंबरावरून कारखाना बंद. आठवडाभर खपून त्यांनी ऑफिसचं आणि कारखान्याचं फोनचं यंत्र एकमेकांना जोडलं होतं. आता कुणीही दोन आकडे दाबले की पलीकडचं टेबल वाजणार होतं. एवढी सोय झाली, आणि ती नेमकी मालकांनाच नको होती. कारण शिपायापासून सगळ्यांना पाठ होतं. कारखाना मालकांची धाकटी बहीण बघायची. वडील गेल्यावर वाटणीच्या दिवशी शब्दाला शब्द लागला आणि सहा वर्षं बोलणं बंद. भांडण कशावरून झालं ते आता दोघांनाही धड आठवत नसेल. आधी फोन कुणी करायचा, एवढ्यावरच घोडं अडलं होतं.

बाई दारापर्यंत पोचल्या तेव्हा मालकांनी पुन्हा हाक मारली. तिचा फोन आलाच तर सेक्रेटरीकडे नको, थेट इथे वाजू दे, असं त्यांनी खिडकीकडे बघत सांगितलं.

कारखान्यात बहिणीनं चहा पाजला आणि आपल्या एकावन्न नंबरासाठी अगदी हेच सांगितलं. आपल्याकडून जायला नको, त्याचा आला तर थेट इथे. एकाच आईची लेकरं, बाईंच्या मनात आलं, हट्टाची वाटणी तेवढी अगदी सारखी झालेली.

दुपारी जिन्याखालच्या खोलीत यंत्रापुढे बसून बाई एकेक नंबर वाजवून खूण करत गेल्या. अकरा आणि एकावन्नवर येऊन हात थांबला. जोडणीत काडीची चूक नव्हती, आणि तिच्यावरून जन्मात कुणी बोलणार नव्हतं. त्यांना दोघांची कीव आली. थोडा रागही आला.

यंत्रावरून दोन फोन एकदम वाजवून जोडता येतात. तपासणीसाठीच ती सोय असते. हे अंगाशी आलं तर ऑफिस आणि कारखाना, दोन्हीकडचं काम हातचं जाईल, हे बाईंना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी बटण दाबलं. त्याच्या फोनवर तिचा नंबर उमटला, तिच्या फोनवर त्याचा.

तिसऱ्या रिंगला दोघांनीही उचलला. आवाज नीट जातो का ते ऐकायला बाईंनी हेडफोन लावला होता.

“दादा,” बहीण म्हणाली, “तू फोन केलास?”

आपल्या फोनवरून तिकडे फोन लागूच शकत नाही, हे त्याला माहीत होतं. त्यानंच तर बंद करून घेतला होता. बाई घाबरल्या. तपासणी चालू आहे, असं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

“हो,” तो म्हणाला. “मीच केला.”